भोकाभोकांचा माउस

मुलांनो, आधी एक काम करा. पुस्तक मांडीवर ठेवा आणि उजवा हात टेबलावर पालथा टेका. डावखुरे असाल तर डावा टेका, इथे कोणी ओरडणार नाही. टेबल नसेल तर स्वतःचा गुडघा चालेल. आता समजा, त्या हाताखाली एक वस्तू आहे. आकार मध्यम बटाट्याएवढा, पण वजन मूठभर चुरमुऱ्यांइतकं. ती अलगद डावीकडे सरकवा. सरकवली? तिकडे दूर, गुजरातेत साणंदला, एका मुलीच्या संगणकाच्या पडद्यावर एक शिपाई गर्रकन डावीकडे वळला. तो शिपाई म्हणजे तुम्ही.

आता तो बटाटा काढून घ्या आणि त्या जागी वरवंटा ठेवा. सरकवा पुन्हा. नाही ना सरकत? तेवढ्यात मागून कोणीतरी गोळी घातली आणि तुम्ही बाद झालात.

दौलतराव दर रविवारी असे बाद होत असत.

दौलतराव मोशीच्या एका सोसायटीत राहायचे. एकटेच. महाळुंग्याच्या एका कारखान्यात क्वालिटी खात्यात त्यांनी जन्म काढला होता. क्वालिटी खातं म्हणजे काय, तर दुसऱ्याने केलेल्या वस्तूत खोट काढायची आणि त्याबद्दल आपण पगार घ्यायचा. वस्तू बरी असली की हिरवा ठिपका, बाद असली की लाल फुली. निवृत्त झाले तरी ही सवय सुटली नाही. मंडईत ते दोडका उजेडात धरून असा फिरवून बघत, की भाजीवाली म्हणायची, "काका, दोडकाच हाय ओ त्यो. गाडीला न्हाई बसवायचा."

मुलगा सुरज त्याच धंद्यातला. त्याच्या कंपनीने त्याला साणंदच्या कारखान्यात पाठवलं आणि त्याच्याबरोबर सूनबाई पुनम आणि नात तनुजा, अशा दोन उत्तम, हिरव्या ठिपक्याच्या वस्तूही मोशीहून गेल्या. त्यांच्या पत्नी यशोदाबाई तर आधीच गेल्या होत्या, त्या साणंदपेक्षा लांब.

बुधवारी व्हिडिओ कॉल व्हायचा. तो असा:

"जेवलीस का गं?"

"हो."

"काय जेवलीस?"

"पोळी-भाजी."

"अभ्यास?"

"झाला."

मग सुरज पडद्यात डोकावून "बाबा, बीपीची गोळी?" विचारायचा, दौलतराव "घेतली" म्हणायचे आणि पडदा काळा व्हायचा. काळ्या पडद्यात स्वतःचं तोंड दिसतं. ते काही बघण्यासारखं नव्हतं.

रविवारची गोष्ट मात्र निराळी होती. तनुजाने त्यांना एक खेळ शिकवला होता. एक पडका किल्ला, दोन टोळ्या. एका टोळीने दुसरीचा झेंडा पळवून आपल्या बुरुजावर आणायचा. कानाला हेडफोन लावायचे आणि खेळता खेळता बोलायचं. आणि मुलांनो, गंमत बघा. बुधवारी "पोळी-भाजी"च्या पुढे न जाणारी ही मुलगी रविवारी थांबायचीच नाही. "आजोबा, मागे बघा! आमच्या बाईंना ना, काल शिंक आली आणि चष्माच उडाला. डावीकडे, डावीकडे! मला इथली आमटी आवडत नाही, गोड करतात. वाकून पळा!" दौलतराव वाकून पळायचे, बाद व्हायचे, आणि बाद होऊन नुसते ऐकत बसायचे. आठवड्यातला तेवढाच वेळ घरात बोलण्याचा आवाज असायचा. एरवी असायचा तो फ्रिजचा.

पण एका रविवारी तनुजा जरा चाचरत म्हणाली, "आजोबा, दसऱ्याला आमची मॅच आहे. पलीकडच्या बिल्डिंगशी. आमच्या टीमचा समर्थ म्हणतो तुझे आजोबा फार हळू वळतात. त्याचा चुलतभाऊ घेऊ या म्हणतो."

"मग? तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, आजोबांचा माउस जड आहे, आजोबा नाही हळू." ती माइकजवळ येऊन हळूच बोलली, "तुम्ही हलका घ्या ना. गेमिंगवाला. आणि वायरचा."

"वायरचा का? हल्ली तर सगळं बिनवायरचं असतं."

"वायरवाल्याला सेल लागत नाही. सेल नाही म्हणजे तेवढं वजन नाही. आणि ऐन वेळी सेल संपला म्हणून कोणी मरत नाही."

या उत्तरात दौलतरावांना खोट काढता आली नाही. फार वर्षांनी असं झालं.

तर आता माउस निवडायचा. दौलतरावांनी ही चूक केली की लिफ्टमध्ये ती गोष्ट बोलून दाखवली. सोसायटीत कोणाला ताप आला तर लोक एकदा विचारतात, पण काही विकत घ्यायचं म्हटलं की दारावर येतात. दुसऱ्या मजल्यावरचा रविराज हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत होता. त्याने दौलतरावांना पार्किंगमध्येच गाठलं.

"काका, आधी सांगा, तुमची ग्रिप कोणती?"

"म्हणजे?"

"पकड हो. तळवा टेकवता, की पंजा करता, की नुसती बोटं? त्यावर सगळं आहे. दाखवा बरं."

दौलतरावांनी हात पुढे केला. रविराजने तो धरून उलटसुलट केला. पाण्याचा टँकरवाला वाट बघत हॉर्न वाजवत होता. वॉचमनही हात बघायला आला आणि त्याने आपलाही पुढे केला.

"अहो, आयुष्यभर मी मायक्रोमीटर धरलाय," दौलतराव दुखावून म्हणाले. "माझ्या पकडीबद्दल कुणी ब्र काढलेला नाही."

"तसं नाही काका. आणि वायर मऊ हवी बरं का, बुटाच्या नाडीसारखी. कडक वायर असली की माउसला मागे ओढते. आणि खालचा सेन्सर चांगला बघा."

सेन्सर म्हणजे काय, हे तुम्हालाही सांगून ठेवतो, पुढे लागेल. माउसच्या पोटाला एक बारीक डोळा असतो. तो खालच्या टेबलाकडे सतत बघत असतो, आणि टेबल कुठल्या बाजूला सरकलं यावरून आपण कुठे निघालो ते ओळखतो. डोळा स्वच्छ, तर माउस शहाणा. डोळ्यात कचरा गेला तर तुमचं-आमचं जे होतं तेच त्याचं होतं.

शनिवारी दौलतराव बसने पिंपरी कॅम्पात गेले. पिशवीत लाडवांचा काटा होता. यशोदाबाई दिवाळीला बेसन मोजायच्या तो. दुकानदाराने चार माउस काढून ठेवले आणि प्रत्येकाबद्दल "एकदम हलका, अंकल" असं सांगितलं. दौलतरावांनी काटा काउंटरवर मांडला.

"अंकल, ये सोने का दुकान नहीं है."

"हलका म्हणालात ना? बघू या की."

पण माउस काट्यावर ठेवला तर वायर काउंटरवर लोळायची, आणि काटा कधी एक वजन दाखवायचा, कधी भलतंच. दौलतरावांनी विचार केला, वायरचं वजन काट्यावर यायला नको. म्हणून त्यांनी वायर दोन बोटांत उंच धरली. तरी काटा हलायचा, कारण हातही थोडा हलायचा. मग त्यांनी श्वास रोखला. मागे उभे असलेले गिऱ्हाईकही नकळत श्वास रोखून उभे राहिले.

"अंकल, किसके लिए चाहिए? पोते के लिए?" दुकानदाराने विचारलं.

"माझ्यासाठी."

दुकानात सगळे वळून बघू लागले. कोणी हसलं नाही, हे जास्त वाईट होतं. दौलतरावांनी काटा पिशवीत घातला. चारही माउस खोक्यावर लिहिल्यापेक्षा जड भरले होते, एवढं समाधान घेऊन ते बसमध्ये बसले. शेजारच्या सीटवर त्यांनी पिशवी ठेवली. मोशी येईपर्यंत तिथे कोणी बसलं नाही.

शेवटी रविराजने मोबाइलवरून मागवून दिला. खात्रीचा, सगळ्यांत हलका. दोन दिवसांनी पार्सल गेटवर आलं. गेटच्या अॅपने दौलतरावांना परवानगी विचारली. दौलतरावांनी चुकून 'नाही' दाबलं. वॉचमनने पार्सलवाल्याला हाकललं. दौलतराव चपला न घालता त्याच्यामागे मोशीच्या चौकापर्यंत पळाले. हे सगळं विस्ताराने सांगण्यासारखं आहे, पण त्यांनी मला तसं करू नका म्हणून विनंती केली आहे.

घरी येऊन त्यांनी खोकं उघडलं आणि ते हादरले. माउसच्या पाठीला भोकं होती. एकदोन नव्हे, सगळी पाठच मधमाशीच्या पोळ्यासारखी. आतलं सगळं दिसत होतं.

मुलांनो, तुम्ही हसाल. पण कारखान्यात ओतकाम करताना धातूत हवा अडकली की वस्तूला अशी भोकं राहतात. त्याला ब्लोहोल म्हणतात. भोकाचा माल पुढे जाऊ द्यायचा नाही, या एका गोष्टीवर दौलतरावांनी अख्खी नोकरी केली होती. त्यांनी लाल मार्कर घेतला, माउस उलटा केला आणि त्याच्या पोटावर फुली मारली. मग त्यांनी फोन लावला.

"सर, परत करण्याचं कारण?" पलीकडची मुलगी म्हणाली.

"ब्लोहोल्स."

"सर, माझ्याकडे रंग आवडला नाही, साइज चुकली आणि विचार बदलला, एवढीच कारणं आहेत."

"अहो, भोकं आहेत त्याला!"

"सर, ते डिझाइन आहे."

"ओतकामवाले पण हेच सांगायचे," दौलतराव म्हणाले. "मी त्यांनाही सोडलं नाही."

मुलीने 'विचार बदलला' असं नोंदवलं, आणि माउस गेला. रविवारी दौलतरावांनी मोठ्या अभिमानाने ही हकिकत तनुजाला सांगितली.

"आजोबा," ती म्हणाली, "ती भोकं मुद्दाम पाडलेली असतात. हलका व्हावा म्हणून."

आता दौलतरावांनी काय करायला हवं होतं? तोच माउस पुन्हा मागवायला हवा होता. पण दुखावलेला माणूस सरळ रस्त्याने जात नाही. त्यांच्या डोक्यात आलं, भोकंच पाडायची तर ती आपण काय कमी पाडून घेतली आहेत? त्यांनी जुना माउस खिशात घातला आणि ते निघोज्याला भिवाच्या वर्कशॉपमध्ये गेले. भिवा निघोज्याचाच. कारखान्यांना लागणारी बारीक कामं तो स्वतःच्या शेडमध्ये करायचा. ड्रिल मशीनपाशी बसून डबा खात होता.

"आरं दौलत! ये, बस. भाकरी खा."

"भिवा, एक जॉब आहे. याला भोकं पाडायची."

भिवाने माउस हातात घेतला, खालून-वरून पाहिला. "ह्येला? का रं? काय चुकलं ह्येचं?"

"हलका करायचाय."

"आन् ड्रॉइंग कुठाय?"

"ड्रॉइंग नाही. तू पाड, मी सांगतो."

"न्हाई गड्या. आयुष्यभर तू माझा माल ड्रॉइंग न्हाई म्हनून परत धाडला. आता बिगर ड्रॉइंगचं मी कसं करू?" असं म्हणून भिवा मनापासून हसला. मग खडूने त्याने स्वतःच ठिपके मारले. पहिलं भोक सुरेख पडलं. दुसरंही. तिसऱ्याला प्लास्टिक तापून वितळलं, ड्रिलला चिकटलं आणि माउस ड्रिलबरोबर गरगर फिरू लागला. भिवाने मशीन बंद केलं तेव्हा पाठ एकीकडे होती आणि चाक भाकरीवर.

"लई हलका झाला बग," भिवा म्हणाला.

दौलतरावांनी भाकरीवरचं चाक उचलून खिशात घातलं. भिवाने विचारलं, "पोरीसंगं खेळायला व्हय?" दौलतरावांनी मान हलवली. "मंग त्यो भोकाचाच घे की. तुझी फुली ऱ्हाऊ दे बाजूला."

दौलतरावांनी रविराजकडून पुन्हा तोच माउस मागवला. तो आला खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी. त्यांनी गेटवर काळजीपूर्वक 'हो' दाबलं, घरी आणून खोकं उघडलं, माउस उलटा केला, आणि खुर्चीत बसले.

पोटावर लाल फुली होती. त्यांचीच.

त्यांनी बाद केलेला माल फिरून त्यांच्याच दारात आला होता. कारखान्यात असं कुणी केलं असतं, तर त्यांनी अख्खी लाइन बंद पाडली असती. इथे बंद पाडायला लाइन नव्हती, आणि मॅच उद्यावर आली होती. दौलतरावांनी कापूस स्पिरिटमध्ये बुडवून फुली पुसली आणि कोपऱ्यात एक लहानसा हिरवा ठिपका दिला. देताना त्यांनी इकडेतिकडे पाहून घेतलं. घरात कोणी नव्हतंच.

आणि खरं सांगतो, माउस छान होता. हात ठेवला तर हाताखाली काही आहे असं वाटेना. त्यांनी सरावाचा किल्ला उघडला. त्यात दुसरं कोणी नसतं, आपण एकटेच पळायचं. दौलतराव दुपारभर रिकाम्या किल्ल्यात पळले. गर्रकन वळले. मागे बघितलं. मागे कोणी नव्हतं, पण वळणं झकास जमत होतं.

संध्याकाळी समोरच्या शालनबाई पूजेचं ताट घेऊन आल्या. त्या मूळच्या लातूरकडच्या. त्यांच्या शिलाई मशीनची, मिक्सरची आणि नवऱ्याच्या रिक्षाची पूजा उरकली होती.

"काका, काय करायलाव? पूजा झाली का तुमची?"

"माझ्याकडे कुठलं यंत्र आलंय आता? कारखान्यात होतो तेव्हा होतं सगळं."

खंडेनवमीला महाळुंग्याच्या त्या कारखान्यात मशीन थांबत. फरशी धुतली जायची, झेंडूच्या माळा लागायच्या, कामगार बायकापोरांना घेऊन यायचे. तनुजा अगदी लहान असताना दौलतरावांच्या हाइट गेजला, म्हणजे उंची मोजायच्या यंत्राला, तिने स्वतःच्या बोटाने कुंकू लावलं होतं. गेजला कमी आणि स्वतःच्या नाकाला जास्त.

शालनबाईंनी टेबलाकडे बोट दाखवलं. "मग ह्ये काय हाय? चालतंय का न्हाई त्ये? चालतंय तर यंत्रच झालं की."

दौलतरावांना ते एकदम पटलं. त्यांनी माउस धुतलेल्या फडक्यावर ठेवला. हळद वाहिली, कुंकू वाहिलं. कारखान्यात कुंकू नीट बसावं म्हणून ते पाण्यात कालवून लावत, तसंच त्यांनी इथेही सढळ हाताने लावलं. वर अक्षता टाकल्या. झेंडूचं फूल ठेवलं. आणि हात जोडून ते म्हणाले, "उद्या सांभाळ रे बाबा."

मुलांनो, पाठीला काय होतं ते आठवतंय ना? ज्या भोकांसाठी त्यांनी हा माउस बाद केला होता, ती त्यांना त्या क्षणी तेवढी आठवली नाहीत.

दसऱ्याच्या सकाळी दौलतराव आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले. फूल बाजूला ठेवलं, वरचं कुंकू फडक्याने पुसलं, हेडफोन लावले. "आजोबा आले!" तनुजा ओरडली. मॅच सुरू झाली. दौलतरावांचा शिपाई एका कोठारात, भिंतीकडे तोंड करून उभा होता. तिथून वळायचं आणि दाराबाहेर पळायचं. त्यांनी माउस सरकवला.

शिपाई ढिम्म.

पुन्हा सरकवला. शिपाई थोडा थरथरला आणि भिंतच बघत राहिला. दौलतरावांनी बटण दाबलं, तर ते दाबलंच जाईना. माउस उचलून हलवला, तर आत खुळखुळ वाजलं. उलटा करून आपटला, तेव्हा एका भोकातून अक्षतेचा एक पिवळा दाणा टेबलावर पडला. पोटाखालचा डोळा कुंकवाने लालभडक झाला होता.

"तनू," समर्थचा आवाज आला, "तुझे आजोबा भिंतीकडे का बघतायत?"

"आजोबा, वळा ना! काय झालं?"

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "अगं," दौलतराव पडेल आवाजात म्हणाले, "काल खंडेनवमी होती ना. मी त्याची पूजा केली."

मग सगळी पोरं एकदम हसली. दोन्ही बिल्डिंगची. दौलतराव स्पिरिटच्या कापसाने तो लाल डोळा पुसत होते, आणि कुंकू आणखीच पसरत होतं. अक्षतेचा आणखी एक दाणा पडला. त्यांनी कापूस खाली ठेवला.

"तनू, मला काढ गं टीममधून," ते म्हणाले. "त्या समर्थच्या चुलतभावाला घे. मी आपला नुसता ऐकत बसतो. बाद झाल्यावर बसतो ना, तसा. चालेल ना?"

त्या वेळी तनुजा कुठे होती, ते तुम्हाला सांगायला हवं. पलीकडच्या टोळीचा झेंडा तिच्या खांद्यावर होता. आपला बुरूज समोर दिसत होता. दोन जिने चढले की मॅच खिशात. समर्थ घसा फोडून ओरडत होता, "पळ तनू, पळ!"

तनुजा थांबली. मग ती वळली. बुरुजाकडे पाठ करून ती जिना उतरली, मोकळं अंगण ओलांडलं, आणि झेंड्यासकट त्या कोठारात आली. भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या म्हाताऱ्या शिपायाच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"ए, वेडी झालीस का तू?" समर्थ किंचाळला.

"आजोबा, सरका जरा," ती म्हणाली.

"सरकता येत नाही गं मला."

"बरं, राहू द्या." मग तिने विचारलं, "जेवायला काय केलंत आज?"

दौलतरावांनी ओट्याकडे पाहिलं. "अजून काही नाही केलं."

"आमच्याकडे ना, बाबांनी सकाळी फाफडा-जिलबी आणली. इथे दसऱ्याला तेच खातात. आईला ते पटतच नाहीये. थांबा, नीट सांगते."

आणि आजोबांच्या पाठीला पाठ लावून, दाराकडे बंदूक रोखून, तनुजाने फाफडा-जिलबीची हकिकत पहिल्यापासून सांगायला घेतली.